कळविण्याचे कर्तव्य : एका कायद्याची वाटचाल

गोरेगाव पूर्वेची वस्ती जेथे मालाडच्या हद्दीला भिडते, त्या दिंडोशी परिसरात सत्र न्यायालयाची इमारत उभी आहे. पश्चिम उपनगरांतील गंभीर फौजदारी खटले तेथे चालतात आणि बालकांवरील लैंगिक अत्याचारांचे खटले ऐकणारी विशेष न्यायालयेही तेथेच आहेत. खटला या इमारतीच्या पायरीपर्यंत पोचतो, याचा अर्थ त्याआधी कोणी तरी कोणाला तरी काही सांगितलेले असते. मुलाने आईला, आईने वर्गशिक्षिकेला, शिक्षिकेने मुख्याध्यापिकेला, डॉक्टरने पोलिसांना. सांगण्याची ही साखळी एका जागी जरी तुटली, तरी न्यायालय कितीही जवळ असून मुलाला त्याचा काही उपयोग नसतो.

ही साखळी तुटू नये म्हणून, ज्याला कळले त्याने ते शासनाला कळविलेच पाहिजे, असे बंधन आपल्या देशात आज कायद्याने घातलेले आहे. शिक्षक, डॉक्टर, परिचारिका, वसतिगृहाच्या अधीक्षिका, समाजसेवक, धर्मगुरू, धर्मभगिनी या सर्वांना ते लागू आहे. परंतु हे बंधन तसे अलीकडचे आहे. ते कसे आले, कोणकोणत्या प्रकरणांनी त्याची गरज सिद्ध केली आणि त्याचा अर्थ न्यायालयांनी कसा लावला, हा इतिहास आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांनी जाणून घेण्यासारखा आहे. कारण आपल्या समाजाच्या हाती शाळा आहेत, इस्पितळे आहेत, अनाथालये आणि वसतिगृहे आहेत.

जुन्या संहितेतील पोकळी

गुन्ह्याची वर्दी देणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे, ही कल्पना इंग्रजी अमदानीपासून आपल्या कायद्यात आहे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४४ होते. १९७३ च्या संहितेत त्याची जागा कलम ३९ ने घेतली. या कलमात काही गुन्ह्यांची यादी दिलेली होती. त्यांपैकी एखादा गुन्हा घडल्याचे वा घडणार असल्याचे ज्याला ठाऊक असेल, त्याने ते जवळच्या पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्याला कळवावे, असे ते कलम सांगत होते. राज्याविरुद्धचे गुन्हे, खून, जबरी चोरी, दरोडा, अन्न आणि औषधांतील भेसळ, बनावट चलनी नोटा हे सारे त्या यादीत होते. बलात्कार मात्र त्या यादीत नव्हता. लहान मुलावर होणारा अत्याचार तर नव्हताच.

याचा परिणाम काय होत असे, ते पाहण्यासारखे आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम २०२ वर्दी न देणाऱ्याला शिक्षा सांगत होते, परंतु जो वर्दी देण्यास कायद्याने बांधलेला आहे त्यालाच. म्हणजे शेजाऱ्याच्या घरी खोट्या नोटा छापल्या जात आहेत हे ठाऊक असून गप्प बसणारा गुन्हेगार ठरू शकत असे. त्याच घरात एखाद्या मुलीचा छळ होत आहे हे ठाऊक असून गप्प बसणाऱ्याला कायदा काहीच विचारीत नसे. ही पोकळी कोणी हेतुपूर्वक ठेवली होती असे नव्हे. घरात काय चालते तो घराचा प्रश्न, मूल हे आईबापांच्या ताब्यातले, आणि अब्रू झाकण्यातच शहाणपण, अशी समाजाची जी समजूत होती, तिचेच प्रतिबिंब कायद्यात पडले होते.

डेन्व्हरचा एक लेख

पाश्चात्त्य देशांतही परिस्थिती फारशी वेगळी नव्हती. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात डेन्व्हर येथे हेन्री केम्प नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात मारहाण झालेल्या बालकांविषयी एक लेख लिहिला. इस्पितळात येणाऱ्या काही लहान मुलांच्या क्ष-किरण चित्रांत निरनिराळ्या वेळी मोडून निरनिराळ्या वेळी जुळलेली हाडे दिसतात. 'पाळण्यातून पडला' या एका उत्तराने त्यांचा उलगडा होत नाही. आणि आईबाप असे करू शकतात यावर विश्वास ठेवण्याची डॉक्टरांचीच तयारी नसते, हे त्यांनी स्पष्टपणे मांडले.

त्या लेखाचा परिणाम विलक्षण झाला. पुढच्या पाचच वर्षांत अमेरिकेच्या सर्व राज्यांनी कायदे करून डॉक्टरांवर संशयित अत्याचार कळविण्याचे बंधन घातले. पुढे त्यांत शिक्षक, परिचारिका आणि समाजसेवक यांची भर पडली. व्यवसायामुळे ज्याच्या दृष्टीस मूल पडते, त्याच्यावर त्या मुलाची काही जबाबदारीही येते, हे तत्त्व तेथून जगभर पसरले. रुग्णाचे गुपित राखणे हा वैद्यकाचा जुना धर्म होता. गुपित राखल्याने रुग्णाचाच घात होत असेल तर काय करावे, या प्रश्नाला कायद्याने प्रथमच निश्चित उत्तर दिले.

महाराष्ट्रात मौनाला पहिला धक्का

आपल्याकडे या विषयाला तोंड फुटले ते वेगळ्या वाटेने. १९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले, तेव्हा १९७९ साली उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. त्यातून उठलेल्या चळवळीमुळे १९८३ साली कायदा बदलला. या लढ्याचा रोख पोलिसांवर आणि पुराव्याच्या नियमांवर होता; भोवतालच्या जाणत्या माणसांच्या मौनाचा प्रश्न तेव्हा पुढे आला नव्हता. मात्र ज्या गोष्टी कुजबुजत बोलल्या जात, त्या चव्हाट्यावर बोलता येतात हे समाजाला त्यातून कळले.

गोरेगावच्या वाचकांना या संदर्भात मृणालताई गोरे यांची आठवण होणे साहजिक आहे. पाण्याच्या लढ्यामुळे 'पाणीवाली बाई' म्हणून त्या ओळखल्या गेल्या. पण संकटात सापडलेल्या स्त्रियांसाठी केशव गोरे स्मारक ट्रस्टच्या आश्रयाने चाललेले 'स्वाधार'चे काम हेही त्यांच्याच कार्याचे अंग होते. गर्भलिंग चाचणीविरुद्ध त्यांनी विधानसभेत अशासकीय विधेयक मांडले आणि १९८८ साली महाराष्ट्राने त्या विषयावर देशातील पहिला कायदा केला. डॉक्टरच्या खोलीत जे घडते ते डॉक्टर आणि रुग्ण यांच्यापुरतेच असते, ही समजूत त्या कायद्याने मोडली. व्यवसायाला सामाजिक उत्तरदायित्व असते आणि ते कायदा मागू शकतो, हा विचार आपल्या राज्यात रुजण्यास अशा पावलांचा उपयोग झाला.

मडगाव आणि कुलाबा

मुलांसाठी उघडलेल्या आश्रयस्थानांतच मुलांचा घात होऊ शकतो, हे कटू सत्य गोव्यातील एका प्रकरणाने समोर आणले. मडगावनजीक अनाथ मुलांसाठी 'गुरुकुल' चालविणारा फ्रेडी पीट्स हा गृहस्थ समाजात परोपकारी म्हणून मिरवत होता. १९९१ साली त्याला अटक झाली, तेव्हा त्याच्याकडे मुलांची दोन हजारांहून अधिक अश्लील छायाचित्रे सापडली. १९९६ साली त्याला जन्मठेप झाली. गोव्याने यातून धडा घेतला. २००३ साली तेथे बालकांसाठी स्वतंत्र कायदा झाला. छायाचित्रे धुऊन देणाऱ्या व्यावसायिकाला मुलांची अश्लील चित्रे आढळली, तर त्याने ती गोष्ट पोलिसांना कळविलीच पाहिजे, असे बंधन त्या कायद्यात घालण्यात आले. व्यावसायिकाला कळविण्यास भाग पाडण्याचा विचार गोव्याच्या कायद्याने असा स्पष्ट मांडला.

मुंबईत कुलाब्याच्या अँकरेज आश्रयगृहाचे प्रकरण २००१ साली उघडकीस आले. रस्त्यावरच्या मुलांना आसरा देणारी ही संस्था ब्रिटिश नौदलात पूर्वी काम केलेल्या परदेशी व्यक्तींची होती. मुलांपैकी काहींनी धीर करून आपबीती सांगितली, ती चाइल्डलाइनपर्यंत पोचली आणि तेथून न्यायालयापर्यंत. २००६ साली सत्र न्यायालयाने आरोपींना दोषी ठरविले, २००८ साली उच्च न्यायालयाने त्यांना सोडले आणि मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा पुन्हा कायम केली. दहा वर्षांच्या या झगड्यात एक गोष्ट ठळकपणे दिसली. ज्यांनी कळविले त्यांनी ते स्वतःच्या विवेकाला स्मरून कळविले. कळविण्याचे बंधन त्या वेळी कोणावरच नव्हते.

याच सुमारास, २००७ साली, केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक छळ सोसावा लागल्याचे त्यांतील ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी सांगितले. छळ करणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते. बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणाजवळच बोलून दाखविली नव्हती. कायद्याची गरज याहून स्पष्ट शब्दांत सांगता आली नसती.

२०१२ चा कायदा

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजेच ज्याला सर्वजण 'पोक्सो' म्हणतात तो कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ रोजी, बालदिनी, अमलात आला. अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलगा आणि मुलगी त्याच्या संरक्षणाखाली येते. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील कलमे १९ ते २१ महत्त्वाची आहेत.

कलम १९ म्हणते की, असा गुन्हा घडल्याचे ज्या कोणत्याही व्यक्तीला ठाऊक आहे, किंवा तो घडण्याची शक्यता आहे अशी जिला धास्ती वाटते, तिने ते विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवावे. येथे 'कोणत्याही' हा शब्द निर्णायक आहे. अमेरिकेतील पहिल्या कायद्यांनी डॉक्टरपासून सुरुवात केली. आपल्या कायद्याने कोणालाच वगळले नाही. कलम २० ने वृत्तमाध्यमे, हॉटेले, इस्पितळे, स्टुडिओ यांना त्यांच्या दृष्टीस पडणाऱ्या अशा आक्षेपार्ह सामग्रीबाबत वेगळे बंधन घातले. कलम २१ प्रमाणे न कळविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालील माणसाचा गुन्हा कळविला नाही, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड अशी अधिक शिक्षा सांगितलेली आहे. मुलाला स्वतःला मात्र न कळविल्याबद्दल कधीच शिक्षा होत नाही.

कळविणाऱ्याला अभयही दिलेले आहे. सद्‍भावनेने दिलेल्या माहितीबद्दल कोणावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. वर्दी मिळाल्यानंतर पोलिसांनी चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला ती कळवावयाची असते, आणि मुलाला संरक्षणाची गरज असेल तर त्याची तजवीजही तेवढ्याच अवधीत करावयाची असते. वृत्तपत्रांना मुलाचे नाव, शाळा वा घर यांचा पत्ता लागेल असे काही छापण्याची मनाई आहे.

हा कायदा अमलात येऊन सहा महिनेही झाले नव्हते, तोच एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विदर्भातील एका प्रकरणात, शंकर किसनराव खाडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निवाड्यात, या कर्तव्यावर विशेष भर दिला. मतिमंद अशा अकरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला होता. न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन यांनी शाळा, वसतिगृहे, बालगृहे, इस्पितळे यांच्या चालकांसाठी निर्देश दिले आणि कळूनही न कळविणे हा गंभीर गुन्हा आहे असे बजावले.

राजुऱ्याचा डॉक्टर, केरळचे इस्पितळ

कायदा झाला, पण 'ठाऊक असणे' म्हणजे नेमके काय? दोन प्रकरणांतून याचे उत्तर मिळते, आणि ती एकत्र वाचली पाहिजेत.

पहिले चंद्रपूर जिल्ह्यातील राजुऱ्याचे. तेथील एका शाळेच्या वसतिगृहात राहणाऱ्या अल्पवयीन आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे २०१९ साली उघडकीस आले. त्या मुलींवर उपचार करण्यासाठी नेमलेल्या डॉक्टरला हे कळले असूनही त्याने कळविले नाही, असा आरोप ठेवण्यात आला. २०२१ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्यावरील गुन्हा रद्द केला. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. डॉक्टरला ठाऊक होते की नाही, हे साक्षीपुराव्यानंतर ठरवायचे; खटला सुरू होण्याआधीच तो मोडून टाकता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. तत्काळ वर्दी मिळाली नाही तर वैद्यकीय पुरावा नष्ट होतो, आणि असे मौन बहुधा गुन्हेगाराला पाठीशी घालण्यासाठीच असते, हेही न्यायालयाने सांगितले.

दुसरे केरळातील कोट्टियूरचे, आणि ते आपल्या समाजाला अधिक झोंबणारे. २०१७ साली एका अल्पवयीन मुलीने धर्मभगिनींच्या इस्पितळात बाळाला जन्म दिला. गुन्हेगार तिच्याच धर्मग्रामाचा धर्मगुरू होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याला न्यायालयाने वीस वर्षांची शिक्षा दिली. इस्पितळातील डॉक्टर आणि व्यवस्थापक धर्मभगिनी यांच्यावरही न कळविल्याचा आरोप होता. ऑगस्ट २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. मुलीचे वय अठरा असल्याचे इस्पितळात सांगितले व नोंदले गेले होते; कायदा माहिती असणाऱ्याला कळविण्यास सांगतो, ती शोधून काढण्याचे काम त्याच्यावर टाकत नाही, असा न्यायालयाचा अभिप्राय होता.

या दोन निवाड्यांतून व्यावसायिकाची मर्यादाही कळते आणि जबाबदारीही. त्याने गुप्तहेर व्हायचे नाही. परंतु कानावर आलेले, डोळ्यांनी पाहिलेले त्याला गिळूनही टाकता येणार नाही.

ख्रिस्तसभा आणि गुपित

या इतिहासात ख्रिस्तसभेला स्वतःकडेही पाहावे लागले. फ्रान्समध्ये कार्डिनल बार्बारिन यांना न कळविल्याबद्दल २०१९ साली दोषी ठरविण्यात आले आणि २०२० साली वरच्या न्यायालयात त्यांची सुटका झाली. आपल्या मुंबईतही २०१५ सालच्या एका प्रकरणात एका धर्मगुरूला विशेष न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये जन्मठेप सुनावली. फेब्रुवारी २०१९ मध्ये, ज्या दिवसांत पोप फ्रान्सिस यांनी याच विषयावर व्हॅटिकनमध्ये जगभरच्या बिशपांची सभा भरविली आणि कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस तिच्या संयोजकांपैकी एक होते, त्याच दिवसांत बीबीसीने मुंबईतील तक्रारींच्या हाताळणीविषयी वृत्तांत दिला. काही प्रकरणे अधिक चांगल्या रीतीने हाताळता आली असती, असे कार्डिनलांनी त्यात मान्य केले होते.

मे २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी 'व्होस एस्तिस लुक्स मुंदी' हा आदेश काढला. धर्मगुरूंनी आणि व्रतस्थांनी अशी माहिती वरिष्ठांना कळविलीच पाहिजे, असे बंधन त्यात आहे. आणि देशाच्या कायद्याने घातलेली कर्तव्ये त्यामुळे कमी होत नाहीत, हेही त्यात स्पष्ट केलेले आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अशा प्रकरणांवरील 'पोंटिफिकल गुपित' उठविण्यात आले. म्हणजे बिशपांना कळविले की काम संपले, असे आज कोणालाही म्हणता येत नाही. पोलिसांना कळविणे हे वेगळे आणि स्वतंत्र कर्तव्य आहे.

पापनिवेदनाचा प्रश्न उरतो. ख्रिस्तसभेच्या कायद्यातील ९८३ व्या कलमानुसार पापनिवेदनाची मुद्रा अभंग आहे. भारतीय पुरावा कायद्याने वकील आणि अशील यांच्यातील गुपिताला संरक्षण दिले. धर्मगुरूचा उल्लेख त्यात नव्हता. पोक्सोतही पापनिवेदनासाठी अपवाद लिहिलेला नाही. हा ताण खरा आहे. पण त्याची व्याप्ती आहे त्याहून मोठी समजू नये. शाळेच्या कार्यालयात, घरभेटीत किंवा वाचनालयाच्या ओट्यावर ऐकलेली गोष्ट ही पापनिवेदन नव्हे. आणि पापनिवेदनात एखाद्या मुलाने आपली व्यथा सांगितली, तर त्याला बाहेर, विश्वासातल्या मोठ्या माणसाजवळ ती पुन्हा सांगण्यास धीर देणे धर्मगुरूला नेहमीच शक्य असते. गोरेगावच्या सेंट पायस कॉलेजात शिकणाऱ्या भावी धर्मगुरूंना हा भेद ठाऊक असणे ईशज्ञानाइतकेच आवश्यक आहे.

दुसरी बाजू

या कायद्यावर गंभीर आक्षेपही आहेत. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली सुरू झालेले 'दिलासा' केंद्र हे अत्याचारपीडित स्त्रियांसाठी इस्पितळातच उघडलेले देशातील पहिले केंद्र. महापालिकेसह ते उभारणाऱ्या 'सेहत' या संस्थेसारख्या अनुभवी संस्थांनी एक अडचण दाखवून दिली. सतरा वर्षांची मुलगी स्वतःच्या मर्जीच्या संबंधातून गर्भवती झाली, तर पोलिसांच्या भीतीने ती इस्पितळातच येत नाही आणि तिच्या जिवाला धोका होतो. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अडचण ओळखली. अशा मुलीच्या गर्भपाताच्या वेळी, तिची आणि तिच्या पालकांची तशी विनंती असल्यास, डॉक्टरने वर्दीत तिची ओळख उघड करण्याची गरज नाही, असे न्यायालयाने सांगितले. कळविणे अनिवार्य राहिले. कळविण्याच्या रीतीत करुणा आली.

बदलापूरनंतर

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळावे लागले. २० ऑगस्टला संतप्त जमावाने रेल्वे रोखली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि पहिल्याच सुनावणीत शाळेने हे का कळविले नाही, असा प्रश्न केला. त्यानंतर शाळेच्या चालकांवर न कळविल्याबद्दलही कारवाई झाली.

बदलापूरच्या संतापात एक जुनी सवय पुन्हा दिसली. 'आधी आपण आपली चौकशी करू, मग पाहू', असे म्हणण्याची संस्थांची ही सवय आहे. तिच्यामागे दरवेळी दुष्टपणा असतोच असे नाही. पुष्कळदा संस्थेच्या नावाची काळजी असते, कोणा निरपराधावर आळ येऊ नये अशी भीती असते. परंतु चौकशी करणे हे पोलिसांचे काम आहे आणि निर्दोषत्व ठरविणे न्यायालयाचे. मुख्याध्यापिकेच्या खोलीत मुलाला चार जणांपुढे तीच गोष्ट चार वेळा सांगायला लावणे म्हणजे त्याला चार वेळा जखमी करणे होय. दुष्ट हेतूने खोटी वर्दी देणाऱ्याला कायदा शिक्षा करतो; शुद्ध हेतूने दिलेली वर्दी पुढे सिद्ध झाली नाही, तर ती देणाऱ्याला तो हात लावीत नाही. मग भीती कसली?

शंभर वर्षांच्या या वाटचालीत कायदा दरोडा आणि खोट्या नोटा यांपासून निघून एका लहान मुलाच्या शब्दापर्यंत येऊन पोचला. आता ते शब्द ऐकणाऱ्याची पाळी आहे. आपल्या धर्मग्रामाच्या शाळेत, रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, आपल्या स्वतःच्या घरातही एखादे मूल अडखळत काही सांगू लागेल. त्या वेळी त्याला 'गप्प बस' न म्हणणे आणि दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता १०९८ किंवा ११२ हा क्रमांक फिरविणे, किंवा जवळच्या ठाण्याची पायरी चढणे, एवढेच कायद्याने आपल्याकडे मागितले आहे. एका मुलाचे सारे आयुष्य तेवढ्यावर अवलंबून असू शकते.